रांगा आधी की जोड्या आधी?

या महिन्याच्या भित्तिपत्रिकेत ‘माझे मत’ या सदरात मी लिहायचे असे ठरले. गुरुजी म्हणाले, "पाऊस, गाय, माझी आई यांवर सगळेच लिहितात. तुला ज्याच्याबद्दल खरोखर काही म्हणायचे आहे, त्यावर लिही." मी दोन दिवस विचार केला. मला विभाजकांच्या जोड्यांबद्दल म्हणायचे आहे. हे ऐकून माझ्या शेजारच्या मुली हसल्या. त्या म्हणाल्या, "गणितावर कुणी मत लिहितं का? गणिताचं उत्तर असतं, मत नसतं." पण माझे आहे. माझे मत असे की, मुलांना रांगेत उभे करायचे असेल तर आधी जोड्या शोधाव्यात आणि मग रांगा ठरवाव्यात. आपल्याकडे उलटे करतात.

ज्या पालकांना विभाजक हा शब्द आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. एखाद्या संख्येला ज्या संख्येने भागल्यावर बाकी काहीच उरत नाही, ती तिची विभाजक. २४ ला ३ ने भागले तर ८ येतात आणि बाकी शून्य. म्हणून ३ हा विभाजक आणि ८ हाही विभाजक. दोघांचा गुणाकार २४, म्हणून ती दोघे जोडी. तीन आठे चोवीस. विभाजक कधी एकटा सापडत नाही. एक सापडला की त्याचा जोडीदार आपोआप हाती लागतो.

आता मला हे का लिहावेसे वाटले ते सांगते.

गेल्या १५ ऑगस्टला आपल्या शाळेचा पट ७२ होता. पहिलीत १४, दुसरीत १९, तिसरीत १६ आणि चौथीत २३. कवायतीसाठी प्रत्येक वर्गाने आपापल्या चारच्या रांगा करायच्या असे आधीच ठरले होते. कोणी ठरवले ते मी लिहीत नाही, कारण भित्तिपत्रिकेत नाव घालून तक्रार करायची नाही असा नियम आहे. आमच्या वर्गाच्या पाच रांगा झाल्या आणि तिघे उरले. त्यातली एक मी. पहिलीचे दोघे उरले, दुसरीचे तिघे उरले. तिसरीचे कोणीच उरले नाही, कारण चार चोक सोळा. आम्हां आठ जणांना सांगितले, "तुम्ही लिंबाखाली बसा आणि सगळ्यांच्या चपला सांभाळा."

मी आठ दिवस कवायतीचे हात पाठ केले होते. आईने गणवेश तांब्यात निखारे घालून इस्त्री केला होता. (वीज गेली होती म्हणून. नाहीतर आमच्याकडे इस्त्री आहे.) आई शेतातले काम सोडून झेंडावंदनाला आली होती. घरी गेल्यावर म्हणाली, "अगं, तू कुठं व्हतीस? मला तर दिसलीच न्हाईस." मी सांगितले की मी चपलांपाशी होते. आई काही बोलली नाही. तिने भाकरी थापायला घेतली.

त्या दिवशी लिंबाखाली आम्हाला काही काम नव्हते म्हणून आम्ही चपला नीट लावल्या. कवायतीला ६४ जण होते, म्हणून चपलांचे ६४ जोड होते. आठ-आठ जोडांच्या आठ रांगा बरोबर झाल्या. एकही जोड उरला नाही. चपला रांगेत बसल्या आणि आम्ही बसलो नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. पुष्कळ दिवसांनी आले.

जोड्या शोधायला आम्ही दिवाळीच्या आधी शिकलो. गुरुजींनी प्रत्येकाला मूठभर चिंचोके आणायला सांगितले. मग ते फळ्यावर एक संख्या लिहायचे आणि आम्ही तितके चिंचोके घेऊन त्यांच्या सारख्या रांगा करायच्या. २४ चिंचोक्यांची आधी एकच लांब रांग, १ गुणिले २४. मग २ रांगा, प्रत्येकीत १२. मग ३ रांगा, प्रत्येकीत ८. मग ४ रांगा, प्रत्येकीत ६. पाचच्या रांगा केल्या तर ४ चिंचोके उरले, म्हणून ५ नाही. मग ६. पण ६ तर ४ बरोबर येऊन गेला होता. म्हणजे संपले. २४ ला चार जोड्या.

‘संपले’ केव्हा म्हणायचे यावरून आमच्या वर्गात मोठे भांडण झाले. संख्या होती ३६. मी पाच जोड्या लिहिल्या: १ गुणिले ३६, २ गुणिले १८, ३ गुणिले १२, ४ गुणिले ९, ६ गुणिले ६. एका मुलाने नऊ लिहिल्या. तो पुढे जातच राहिला, ९ गुणिले ४, १२ गुणिले ३, असे ३६ गुणिले १ पर्यंत. तो म्हणाला, "माझ्या जास्त आल्या, मी जिंकलो." मी म्हणाले, "तू त्याच जोड्या उलट्या लिहिल्यास." तो म्हणाला, "चार रांगांत नऊ-नऊ आणि नऊ रांगांत चार-चार हे एकच आहे व्हय? मांडून बघ." आम्ही मांडले. खरेच वेगळे दिसत होते.

यावर माझे मत असे. वहीत ती एकच जोडी धरावी, कारण संख्या त्याच आहेत. पण मैदानावर त्या दोन धराव्यात, कारण लांबट जागेत एक बसते आणि चौकोनी जागेत दुसरी. गुरुजींनी दोघांनाही बरोबर दिले. मला एकटीलाच द्यायला पाहिजे होते असे मला अजून वाटते.

तर संपले केव्हा म्हणायचे? माझी आई आणि काकू सरीच्या दोन टोकांनी खुरपत येतात. मध्ये भेटल्या की सरी संपली. जोड्यांचे तसेच आहे. १, २, ३, ४ असा एक जण खालून वर येतो आणि त्याचा जोडीदार ३६, १८, १२, ९ असा वरून खाली येतो. ते जिथे भेटतात तिथे थांबायचे. ३६ मध्ये ते ६ पाशी भेटतात. सहा सक छत्तीस. ६ ला दुसरा जोडीदार नाही, तो स्वतःच स्वतःचा जोडीदार. म्हणून ३६ चे विभाजक मोजले तर ९ येतात, विषम. १६, २५, ४९, ६४ यांचेही विषमच येतात. ज्या संख्येत असा स्वतःच स्वतःचा जोडीदार नसतो, तिचे सम येतात. हे मी स्वतः ५० पर्यंत आणि मग ६४ चे मोजून पाहिले. चिंचोके कमी पडले तेव्हा तुरीचे दाणे घेतले. (ते नंतर आजीने परत डब्यात टाकले.)

आमच्या वर्गाचा २३ आकडा मी मांडून पाहिला. दोनच्या रांगा केल्या तर १ उरतो. तीनच्या केल्या तर २ उरतात. चारच्या केल्या तर ३ उरतात. पुढे जायची गरज नाही, कारण पाच पंचे पंचवीस, ते २३ च्या पुढे गेले. २३ ला एकच जोडी, १ गुणिले २३. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. मला तेव्हा बरे वाटले. म्हणजे माझे काही चुकले नव्हते. मी बुटकी आहे म्हणून किंवा माझे हात चुकतात म्हणून मला काढले असे मला इतके दिवस वाटत होते. तसे नव्हते. चारच्या रांगा करा नाहीतर पाचच्या करा, २३ मधून कोणीतरी उरणारच. गणितात जे उरते त्याला बाकी म्हणतात. मी बाकी होते.

पण म्हणून बाकीला लिंबाखाली बसवायचे हे गणितात कुठे लिहिले आहे?

दिवाळीनंतर आमच्या वर्गात एक नवीन मुलगी आली. तिचे आईवडील ऊस तोडायला बीड जिल्ह्यातून आले आहेत. नदीच्या अंगाला कोप्या आहेत तिथे ती राहते. तिचा धाकटा भाऊ पहिलीत आला. आम्ही २४ झालो आणि पहिलीची मुले १५ झाली. शाळेचा पट ७४ झाला. तिने मला सांगितले की तिचे आई आणि वडील मिळून एक कोयता धरतात. दोन माणसांना एक म्हणतात. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. मला हे नवीन होते. आपल्या घरी दोन माणसांना दोनच म्हणतात.

२६ जानेवारीला सकाळी प्रभातफेरी निघाली. दोन-दोनची रांग. ७४ म्हणजे २ गुणिले ३७. सगळ्यांना जोडीदार मिळाला. माझी जोडीदार ती होती. मग शाळेत आल्यावर कवायत. पुन्हा वर्गावर्गाच्या चारच्या रांगा. आमच्या २४ च्या सहा रांगा बरोबर झाल्या. मी पहिल्यांदा कवायतीत उभी राहिले. आई पुन्हा आली होती आणि तिला मी दिसले.

खरे सांगते, मला एवढा आनंद झाला की मी लिंबाकडे बघितलेसुद्धा नाही. पण ती बघत होती. पहिलीचे १५ म्हणजे तीन रांगा आणि तिघे बाकी. त्या तिघांत तिचा भाऊ होता. सगळ्यांत शेवटी आला म्हणून शेवटचा. दुसरीचे तिघे त्याच्या शेजारी. तो चपलांमध्ये बसून रडत होता आणि ती हात वर-खाली करत त्याच्याकडे बघत होती. तिचे हात चुकले.

मधल्या सुट्टीत मी तिला चारने भागून बाकी कशी उरते ते समजावून सांगू लागले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आमची माय वाढ्याच्या पेंढ्या मोजती तवा पाच-पाचचा ढीग लावती. उरल्या तर म्होरल्या ढिगात टाकती. कामून फेकून देईल?"

मी त्याच वेळी वही काढली. १५ ऑगस्टला पहिलीचे २ उरले, दुसरीचे ३, तिसरीचे ०, चौथीचे ३. सगळे मिळून ८. आठ म्हणजे चारच्या दोन पूर्ण रांगा! आम्ही आठ जण लिंबाखाली बसलो होतो आणि आमच्याच दोन रांगा होत होत्या. कोणी वर्गाची भिंत काढून मोजलेच नाही. ७२ ला तर किती जोड्या आहेत बघा: १ गुणिले ७२, २ गुणिले ३६, ३ गुणिले २४, ४ गुणिले १८, ६ गुणिले १२, ८ गुणिले ९. सहा जोड्या. चारच्या अठरा रांगा करा, सहाच्या बारा करा, आठच्या नऊ करा. कशीही करा, कोणी उरत नाही. आधी चारच्या रांगा ठरवल्या आणि मग मुले मोजली, म्हणून उरले. आधी सगळी मुले मोजून जोड्या काढल्या असत्या तर माझ्या आईला मी तेव्हाच दिसले असते.

काही जण म्हणतील की पहिलीची मुले लहान, त्यांच्या शेजारी चौथीची उभी केली तर उंच-सखल दिसेल. मी हे घरी दादांना विचारले. ते म्हणाले, "उसाची सरी बी सारखी नसती, तरी कारखाना घेतोच की." मला ते उत्तर पटले नाही, कारण उसाला कोणी बघायला येत नाही. माझे उत्तर असे आहे की उरलेल्यांच्या दोन रांगा मागे उभ्या कराव्यात. उंच-सखल दिसले तर दिसले. चपला सांभाळण्यापेक्षा ते बरे.

दुसरे कोणी म्हणेल की त्या दिवशी एखादा आजारी पडला तर? हे मात्र खरे आहे. ७२ मधला एक कमी झाला की ७१, आणि ७१ ही मूळ संख्या आहे. मी तपासली. एक जास्त झाला तर ७३, तीही मूळ. मग काय करायचे? मग एकाने पुढे उभे राहून हुकूम द्यायचा. ७१ तून एक पुढे गेला की ७० राहतात. पाचच्या चौदा रांगा किंवा सातच्या दहा. ७३ तून एक पुढे गेला की पुन्हा ७२. जो एकटा उरतो त्याला मागे लिंबाखाली पाठवता येते तसे पुढेही आणता येते. आणि दर वेळी वेगळा यावा, नाहीतर हुशार मुलेच हुकूम देतील आणि आम्हाला पुन्हा मागे बसवतील.

मूळ संख्येचीसुद्धा एक जोडी असतेच. २३ ची १ गुणिले २३ आहे. म्हणजे २३ जणांचा एक गोल करता येतो. गोलात कोणी उरत नाही. लेझीम गोलातही खेळतात ना?

मोठी माणसे पूर्वी हा विचार करत होती असे मला वाटते. आजोबांनी मला जुन्या पैशांचे सांगितले. त्यांना ते त्यांच्या वडिलांनी सांगितले होते. एक रुपया म्हणजे १६ आणे. एक आणा म्हणजे ४ पैसे किंवा १२ पै. म्हणजे रुपयाच्या १९२ पै. तीन भावांत रुपया वाटायचा तर प्रत्येकाला पाच आणे चार पै, आणि वर काही उरत नाही. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० पैसे झाले. १०० ची वजाबाकी-बेरीज सोपी आहे हे मला मान्य आहे. पण तिघांत वाटले तर ३३-३३ पैसे येतात आणि एक पैसा उरतो. तो कोणाचा यावर भांडण होईल. घड्याळात मात्र अजून ६० मिनिटेच आहेत. ६० ला सहा जोड्या आहेत: १ व ६०, २ व ३०, ३ व २०, ४ व १५, ५ व १२, ६ व १०. गुरुजींनी सांगितले की फार पूर्वी बाबिलोन देशातले लोक ६० च्या हिशोबाने मोजत, तिथून हे आले. दुकानातली अंडी बघा. एका ट्रेमध्ये ३० असतात, ५ गुणिले ६. अंड्यांना उभे करायला कोणीतरी आधी जोडी शोधली. आम्ही अंड्यांपेक्षा कमी आहोत का? (हे वाक्य काढ असे माझी बहीण म्हणाली. मी काढले नाही.)

आता फेब्रुवारी आहे. कारखाना बंद झाला की ती आणि तिचा भाऊ गावाकडे जातील. मग आमच्या वर्गात पुन्हा २३ आणि शाळेत पुन्हा ७२. १ मेच्या झेंडावंदनाला निकालही असतो, म्हणून पालक पुष्कळ येतात. तेव्हा सहाच्या बारा रांगा करून बघाव्यात अशी माझी विनंती आहे. आपले मैदान लांबट आहे, ८ गुणिले ९ बसणार नाही, मी पावलांनी मोजले. खुणा करायला आम्ही चौथीच्या मुली सकाळी लवकर येऊ, फक्की मात्र शाळेची लागेल.

पण ती जायच्या आधी एकदा तरी ७४ जणांची कवायत व्हावी. नुसती सरावाची झाली तरी चालेल, तिची आई बघायला येईल असे ती म्हणाली आहे. ७४ ला १ गुणिले ७४ आणि २ गुणिले ३७ एवढ्याच जोड्या आहेत. मी ८ पर्यंत सगळे तपासले, पुढे नव नव एक्याऐंशी, म्हणून थांबले. त्यासाठी मी असे ठरवले आहे: दोघांनी पुढे यायचे, एकाने हुकूम द्यायचा आणि एकाने ढोल वाजवायचा. राहिले ७२. ढोल तिच्या भावाला द्यावा. त्याला वाजवता येतो का ते मी विचारले. तो म्हणाला, येतो.

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी